यकृताचा कडकपणा आणि कपाटात ठेवलेला रिपोर्ट

पत्र : डॉक्टर मॅडम, आम्ही चोपडा तालुक्यातले. मिस्टर ४९ वर्षांचे. कापूस आणि केळीची शेती, शिवाय खताचं दुकान. सहा वर्षांपासून शुगर आहे. वजन ९४ किलो, उंची साडेपाच फूट. दारूला कधी हात लावलेला नाही, गळ्यात माळ आहे. गेल्या महिन्यात एका मोफत शिबिरात त्यांच्या यकृताचा स्कॅन केला. त्या दिवशी जवळच एक लग्न होतं, बारा-सव्वाबाराला वरण-बट्टी जेवून आम्ही तसेच शिबिरात गेलो. रिपोर्टमध्ये ११.४ केपीए आणि कॅप ३१२ असं आलं. तिथला माणूस म्हणाला, लिव्हर कडक झालंय, सिरॉसिसची सुरुवात आहे, बायोप्सी करावी लागेल. माझे थोरले दीर सिरॉसिसनेच गेले, पोटात पाणी झालं होतं. मी घाबरून रिपोर्ट कपाटात ठेवला आणि यांना सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. सासूबाईंच्या कानावर अर्धवट गेलं. त्या म्हणतात, ‘दारू पेत नही, मंग लिव्हर कसं खराब व्हई?’ त्यांनी गावातल्या एकाकडून लिव्हर साफ करायचा काढा आणलाय. देऊ का? मुलीच्या लग्नाची बोलणी शिरपूरच्या घराशी चालू आहेत, त्यांना कळलं तर काय, हीपण भीती आहे. रिपोर्टचा आणि रक्ताच्या तपासण्यांचा फोटो सोबत पाठवते.

ता.क. माझ्या नणंदेच्या स्तनात गाठ आहे. सोनोग्राफीत ‘बायरॅड्स ४’ लिहिलंय, पण त्याच तपासणीत इलास्टोग्राफीत गाठ मऊ आली, म्हणून घरच्यांनी बायोप्सी रद्द केली. बरोबर केलं ना?

– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी रिपोर्टबद्दल बोलते, म्हणजे घरात काय आणि कसं सांगायचं याला तुम्हाला आधार मिळेल. तुमच्या फोटोत चार गोष्टी स्पष्ट वाचता येतात. कडकपणाचा मधला आकडा ११.४ किलोपास्कल. त्याच्या खाली ‘आयक्यूआर/मेड ३८ टक्के’. प्रोबचा प्रकार ‘एम’. आणि वेळ, दुपारी १ वाजून २० मिनिटं. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी पहिल्या आकड्यावरचा विश्वास कमी करतात. त्यामुळे या कागदावरून सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत निबर होणं, असं म्हणता येत नाही आणि बायोप्सीही, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासणं, ठरवता येत नाही. मात्र सगळं ठीक आहे असंही म्हणता येत नाही. तपासणी पुन्हा, नीट पद्धतीने व्हायला हवी, आणि ती तुमच्या मिस्टरांना सगळं माहीत असताना व्हायला हवी.

हे यंत्र काय मोजतं ते समजलं तर पुढचं सोपं जाईल. पूर्वीपासून डॉक्टर उजव्या बरगडीखाली बोटं रुतवून यकृत मऊ लागतं की टणक ते बघतात. त्या हाताच्या अंदाजाला आकडा देण्याची खटपट म्हणजे इलास्टोग्राफी. १९९१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला जोनाथन ऑफिर आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना सोनोग्राफीच्या आधारे मांडली, आणि २००३ च्या सुमारास पॅरिसहून फायब्रोस्कॅन हे खास यकृतासाठीचं यंत्र आलं. शिबिरात झालेली तपासणी त्याच पद्धतीची. माणसाला उताणं झोपवून, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगून, दोन बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात. प्रोब हलकी टिचकी मारतो. त्या टिचकीने यकृतात एक आडवी थरथर पसरत जाते, आणि त्याच प्रोबमधून निघणाऱ्या अल्ट्रासाऊंडच्या लहरी तिचा पाठलाग करून वेग मोजतात. अल्ट्रासाऊंड शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर धावतो, तर ही थरथर यकृतात सेकंदाला एक ते पाच मीटर एवढीच. म्हणून तर तिला पकडता येतं. ढिल्या दोरीला झटका दिला तर लाट सावकाश सरकते, तीच दोरी ताणून बांधली तर झटका क्षणात दुसऱ्या टोकाला पोचतो. निबर यकृतात थरथर तशीच वेगाने जाते.

इथे एक बारकावा आहे, आणि तुमच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. यंत्र मोजतं वेग, पण छापतं किलोपास्कल. हा हिशेब वेगाच्या वर्गाने होतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की कडकपणाचा आकडा चौपट होतो. ११.४ किलोपास्कल म्हणजे सेकंदाला सुमारे १.९५ मीटर. ज्याच्या खाली आपण बऱ्यापैकी निश्चिंत असतो तो ८ किलोपास्कलचा आकडा म्हणजे सुमारे १.६३ मीटर. फरक सेकंदाला एक फूटभर! यकृतात त्या घडीला रक्त जास्त भरलेलं असेल, श्वास जोरात धरला असेल, प्रोब तिरका टेकला असेल, तर एवढा फरक सहज पडतो.

आता वरण-बट्टी. जेवण झालं की आतड्यांकडून यकृताकडे येणारं रक्त वाढतं. यकृत एका घट्ट आवरणात बसलेलं असतं, त्यामुळे आतलं रक्त वाढलं की ताण वाढतो आणि यकृत काही काळ खरोखरच कडक होतं. आजार नसलेल्या माणसातही आकडा वर जातो, आणि ज्याच्या यकृताला आधीच त्रास आहे त्याच्यात जास्त जातो. म्हणून तपासणीच्या आधी किमान तीन तास काही खायचं नसतं. तुमच्या मिस्टरांची तपासणी तुपातल्या बट्ट्या जेवून तासाभरात झाली. शिबिरातल्या माणसाने ‘शेवटचं कधी जेवलात’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर तुमचा हा महिना असा गेला नसता.

दुसरी गोष्ट ३८ टक्के. यंत्र एकदा टिचकी मारून थांबत नाही. किमान दहा ग्राह्य मापं घेतात आणि त्यांतली मधली किंमत छापतात. ती दहा मापं एकमेकांपासून किती विखुरली आहेत हे ‘आयक्यूआर/मेड’ सांगतं. तुमच्या मिस्टरांसारखा आकडा असेल तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असायला हवं. ३८ म्हणजे मापं आपसात जुळलेली नाहीत. असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला तर मी त्यावर सही करणार नाही.

तिसरी गोष्ट प्रोब. ‘एम’ प्रोब मध्यम बांध्याच्या माणसासाठी. तो कातडीपासून अडीच ते साडेसहा सेंटीमीटर खोलीवर मोजतो. पोटावर आणि बरगड्यांवर चरबीचा थर जाड असेल तर यकृत सुरू व्हायलाच जास्त खोली लागते, आणि ‘एम’ने मोजलेला आकडा फुगण्याची शक्यता असते. अशांसाठी ‘एक्सएल’ प्रोब असतो, साडेतीन ते साडेसात सेंटीमीटरवर मोजणारा. साडेपाच फुटांना ९४ किलो वजन असलेल्या माणसाला बहुधा तोच लागेल.

यात तुमच्यासाठी एक दिलासाही आहे. ही थरथर पाण्यातून जात नाही. पोटात बऱ्यापैकी पाणी झालेलं असतं, तर या यंत्राला मापच घेता आलं नसतं. थोरल्या दिरांचे शेवटचे दिवस तुमच्या डोळ्यांसमोर आहेत हे मला कळतं, पण तुमचे मिस्टर आज त्या जागी नाहीत.

कॅप ३१२ हा वेगळा आकडा आहे, तो कडकपणाचा नाही. अल्ट्रासाऊंड यकृतातून जाताना किती क्षीण होतो, यावरून चरबीचा अंदाज घेतात. ३१२ म्हणजे चरबी भरपूर आहे. चरबी असणं आणि यकृतात जून व्रणासारखे धागे तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली अनेकांना असते, दुसरी त्यांतल्या थोड्यांना होते, आणि धोका दुसरीत आहे. साध्या सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ लिहून येतं तेही चरबीबद्दलच असतं.

मग मी सगळं झटकून का टाकत नाही? तुम्ही पाठवलेल्या रक्ताच्या तपासण्यांमुळे. एएसटी ५२ आणि एएलटी ६८ (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन द्रव्यं), प्लेटलेट २ लाख १० हजार, वय ४९. यावरून ‘फिब-४’ नावाचा एक हिशेब करतात. वय गुणिले एएसटी, आणि त्याला प्लेटलेटचा हजारातला आकडा गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं. उत्तर येतं १.४७ च्या आसपास. १.३ च्या खाली असतं तर मी म्हटलं असतं, वजन आणि शुगर सांभाळा, वर्षा-दोन वर्षांनी परत बघू. २.६७ च्या वर असतं तर म्हटलं असतं, लगेच पोटविकारतज्ज्ञाकडे जा. तुमचं मधल्या पट्ट्यात आहे, आणि कडकपणा मोजायची तपासणी नेमकी याच पट्ट्यातल्या माणसांसाठी आहे. त्यात शुगर आहे, आणि सख्खा भाऊ सिरॉसिसने गेलेला आहे. म्हणून ती टाळू नका.

जळगाव, धुळे, नाशिक, जिथे सोयीचं पडेल तिथे करा, पण जाण्याआधी फोन करून विचारा : एक्सएल प्रोब आहे का, आणि रिपोर्टवर आयक्यूआर छापून देता का? सकाळची वेळ घ्या. रात्री जेवून झोपायचं, सकाळी चहासुद्धा न घेता निघायचं. शुगरची गोळी तपासणी होऊन नाश्ता झाल्यावर. इन्सुलिन चालू असेल तर मात्र आदल्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगा. ताप, कावीळ असं काही चालू असेल तर ते ओसरून काही आठवडे जाऊ द्या, कारण यकृताला सूज असतानाही आकडा उगीच वर जातो. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात, दुखत नाही, सुई नाही.

काही ठिकाणी हे वेगळं यंत्र नसतं, मोठ्या सोनोग्राफी मशीनमध्येच ‘शिअर वेव्ह इलास्टोग्राफी’ असते. तीही चांगली, शिवाय कुठे मोजतोय ते पडद्यावर दिसतं. पण तिथले आकडे या रिपोर्टशी शेजारी ठेवून जुळवू नका. यंत्र बदललं की मोजपट्टी बदलते. कुठे उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं, ते किलोपास्कल समजून आनंद मानलेले लोक मी पाहिले आहेत. पुढे दरवर्षी तपासायची वेळ आली तर शक्यतो एकाच यंत्रावर तपासा.

नव्या फायब्रोस्कॅनमध्ये आकडा ८ च्या खाली आला तर यकृत फार निबर झालेलं नाही असं समजायला हरकत नाही. ८ ते १२ मध्ये आला तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवून वर्षावर्षाने मोजत राहायचं. १२ च्या वर असेल तर दाखवायला उशीर नको. २० च्या वर असेल किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील, तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का हे बघायला दुर्बिणीची तपासणी लागते. बायोप्सीचा विचार तज्ज्ञ करतील, तोही रक्त आणि स्कॅन यांचा मेळ बसत नसेल किंवा दुसऱ्या आजाराची शंका असेल तेव्हा. बायोप्सी वाईट नाही, पण तीत यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग हाती येतो आणि तो एकाच जागेचा असतो. भरल्या पोटी घेतलेल्या मापावरून कुणी तिथवर जाऊ नये.

सासूबाईंना सांगा की त्यांचा प्रश्न रास्त आहे. दारूने यकृत खराब होतं हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की न पिणाऱ्या माणसाला यकृताचा आजार निघाला की लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. माळकरी माणसाला हे आजारापेक्षा जास्त लागतं. पण वाढलेलं पोट, शुगर, रक्तातली चरबी यांनी यकृतात चरबी साठते आणि पुढे काहींना व्रण धरतात, एक थेंब न पिता. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, रक्तदाब यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जोडला, एवढा तो पसरला आहे.

सासूबाईंकडून आणखी एक गोष्ट मिळवा : थोरल्या दिरांची जुनी फाइल. त्यात ‘एचबीएसएजी’ (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) किंवा ‘हिपॅटायटिस’ असं काही लिहिलंय का बघा. हिपॅटायटिस बी घरातल्या घरात, आईकडून मुलांना लागलेला असू शकतो, आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. फाइलमध्ये काही सापडो न सापडो, मिस्टरांची हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी एकदा कराच. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बी निघालाच तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लस.

काढा देऊ नका. सासूबाईंची माया मोठी आहे, पण त्या बाटलीत काय आहे हे देणाऱ्यालाही नीट सांगता येणार नाही. गुळवेलीसारख्या घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीनंतरही यकृताला जबर सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आणि सूज आली की स्कॅनचा आकडाही वर जाईल, मग आजार वाढला की काढा बाधला हे आम्हालाही कळणार नाही.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. ताई, आजच सांगा. तुम्ही लपवलंत ते त्यांना वाचवण्यासाठी, याबद्दल मला शंका नाही. पण यकृत त्यांचं आहे. उपाशी जायचं आहे त्यांना, वजन उतरवायचं आहे त्यांना, रोज पाऊण तास चालायचं आहे त्यांना, आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून सांगितलेला माणूस यातलं काहीही का करेल? रात्री दुकान बंद करून आल्यावर, पोरं नसताना, कागद समोर ठेवा आणि सांगा : हा आकडा आला, मी घाबरले, पण तपासणीच चुकीच्या वेळी झाली होती, आता परत जायचं. हे उत्तर वाचून दाखवलंत तरी चालेल. भाऊ गेलेल्या माणसाच्या मनात ही भीती आधीपासून असतेच. तो ती कुणाशी बोलत नसतो एवढंच.

मुलीच्या सासरच्यांना सांगण्यासारखं आज तुमच्या हातात काही नाही. एक अविश्वसनीय माप आहे. चरबीचं यकृत संसर्गाने पसरत नाही आणि त्यामुळे मुलीच्या लग्नाला बाध येत नाही. पुढे कुणी सरळ विचारलं तर ‘शुगर आहे, यकृतात चरबी आहे, उपचार चालू आहेत’ असं सरळ सांगा. लग्नासाठी तपासणी पुढे ढकलू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगते. हळद, मांडव, पाहुणे यात सहा महिने कसे जातात कळत नाही.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही. ९४ किलोतून पाच टक्के, म्हणजे पावणेपाच किलो गेले की यकृतातली चरबी उतरू लागते, आणि नऊ-साडेनऊ किलो गेले तर धरलेले व्रणही मागे हटू शकतात. हे सावकाश, आठ-दहा महिन्यांत करायचं. आपल्याकडची कळण्याची भाकरी, मेथी, वरण, भरीत हे चांगलंच अन्न आहे. भरताला तेल हात राखून घाला, शेवभाजीची तर्री आणि बट्टीवरचं तूप सणासुदीला ठेवा. दुकानात दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर होणारे गोड चहा आणि थंड पेयं आधी बंद करा, माझ्या अनुभवात वजन तिथेच अडकलेलं असतं. शेतातलं केळं अधूनमधून एखादं, जेवणानंतर नको.

डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर स्कॅनची वाट न बघता रुग्णालयात न्या.

आणि ता.क.मधली नणंदेची गाठ. ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट ही आहे. स्तनाच्या गाठीत इलास्टोग्राफी पूरक म्हणून वापरतात. गाठीचा आकार, कडा, आतली ठेवण यावरून ‘बायरॅड्स ४’ ही संशयाची श्रेणी ठरते आणि तिचा अर्थच ‘बायोप्सी करा’ असा आहे. गाठ मऊ आली म्हणून तो सल्ला रद्द होत नाही, कारण काही कर्करोग या तपासणीत मऊ दिसतात. ४ मधल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात हेही खरं, पण ते सुईने तुकडा घेतल्यावरच कळतं. जागा बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी येता येतं, आणि सुई लावल्याने गाठ पसरते ही भीती धरून बसू नका. आज त्यांना फोन करा आणि याच आठवड्यात घेऊन जा. घरचे तयार नसतील तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसमोर त्यांना बसवा आणि विचारायला लावा : मऊ आहे म्हणून बायोप्सी सोडली तर चालेल का?